मम म्हणजे गप्प

परवाचीच गोष्ट. सहामाही परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते आणि ओसरीवर बसून लाल पेन चालवीत होतो. दिवाळी तोंडावर आलेली. आतून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येत होता आणि पेपर काही संपत नव्हते. इंग्रजीच्या पेपरात पाच वाक्प्रचारांचे मराठी अर्थ विचारले होते. त्यांत एक होता 'कीप मम'. निम्म्या पोरांनी ती जागा कोरी सोडली होती. काहींनी 'गप्प राहणे' असे बरोबर लिहिले होते. त्यांतल्या एकाच बाकाच्या आसपासच्या चौघांनी 'राहणे'ची एकच चूक एकाच पद्धतीने केली होती, त्यावरून ते उत्तर कोठून कोठे गेले हे समजत होते. एका पठ्ठ्याने मात्र स्वतःच्या अकलेने, ठळक अक्षरांत लिहिले होते : 'आईला सांभाळणे'.

मी हसलो, फुली मारली आणि पुढे गेलो. चार पेपर झाल्यावर हात थांबला. पोराचे चुकले काय? 'कीप' म्हणजे ठेवणे, सांभाळणे, हे मीच शिकवले होते. 'मम' म्हणजे आई, हे त्याला टीव्हीने शिकवले होते. दोन्ही अर्थ कोशात आहेत. दोन बरोबर शब्द शेजारी बसवून एक चूक तयार झाली, एवढेच. माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा पोरांच्या इंग्रजीला हसण्याचा मला फारसा हक्क नाही. पेपर बाजूला ठेवले, कोश काढला, आणि तेव्हापासून हा दोन अक्षरी शब्द डोक्यात जो ठाण मांडून बसला आहे तो उठायचे नाव घेत नाही. वाचकहो, त्याची कथा तुम्हांला सांगून टाकली म्हणजे कदाचित उठेल.

इंग्रज मूल आईला हाक मारते तो 'मम' आणि गप्प राहण्याचा 'मम' हे दोन निराळे शब्द. पहिला बाळाच्या बोबड्या बोलांतून आला. दुसऱ्याची जन्मकथा अधिक गमतीची आहे. ओठ घट्ट मिटा आणि मिटलेल्या ओठांनी काही बोलून पाहा. जो आवाज निघेल तो 'म्म्'. तोंड बंद असल्याचा जो आवाज, तोच गप्प राहण्याचा शब्द होऊन बसला! चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंड या कवीच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात तो आढळतो. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्यानंतर शंभर वर्षांच्या आतबाहेरचा हा शब्द. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आहे. पुटपुटणे या अर्थाचा 'मंबल' हा त्याचाच धाकटा भाऊ. 'मम इज द वर्ड' असे इंग्रज माणूस ओठांवर बोट ठेवून म्हणतो, तेव्हा त्याला सांगायचे असते की हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

मराठी माणसाला याची मौज दुप्पट वाटावी, कारण 'मम' आपल्याकडेही आहे आणि त्याची रीत अगदी उलटी आहे. सत्यनारायणाला सोवळे नेसून बसलेला यजमान आठवा. गुरुजी लांबलचक संकल्प सांगतात, तिथी सांगतात, गोत्र सांगतात आणि शेवटी म्हणतात, "मम म्हणा." यजमान म्हणतो, "मम." त्याचे लक्ष पाहुण्यांच्या चपलांकडे असले तरी चालते. यावरूनच 'नुसते मम म्हणणे' हा आपला वाक्प्रचार निघाला. कामाशी संबंध नाही, विचार केलेला नाही, दुसऱ्याने सांगितले म्हणून होकार भरला, की झाले मम म्हणून! इंग्रजाचा मम तोंड मिटायला सांगतो, आपला मम तोंड उघडायला सांगतो. बाळाचे 'मंमं' तिसरेच; तिथे तर तोंड उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

पण गप्प राहण्याच्या शब्दांना मराठीत काय तोटा आहे? मूग गिळून बसणे आहे, तोंडात मिठाची गुळणी धरणे आहे, ब्र न काढणे आहे, चकार शब्द न काढणे आहे. सारी सभा चिडीचूप होते. पोरांचे कट शिजतात तेव्हा अळीमिळी गुपचिळी असते. आणि या सर्वांच्या वर, आसन घालून बसलेले, मौन आहे. मौन हा शब्द मुनीवरून आला. मुनीचा जो भाव ते मौन. म्हणजे मुळात ते व्रत, तोंड बंद करण्याची युक्ती नव्हे. मुका हा शब्द संस्कृत 'मूक'वरून आलेला, आणि भाषेचे पंडित असे मानतात की तो मूक आणि लॅटिनमधला 'मूटस', ज्याच्यावरून इंग्रजी 'म्यूट' निघाला, हे एकाच जुन्या घराण्यातले. त्यांच्याही मुळाशी मिटलेल्या ओठांचा तोच 'मू' आहे.

इतके शब्द कशाला लागले असतील? एकच गप्प बसणे असते तर एका शब्दावर भागले असते. दुसऱ्या दिवशी वर्गात हे कसे समजवावे याचा विचार करीत होतो. उदाहरणे हवी होती. इंग्लंडातली मला कोठून मिळणार? मग लक्षात आले की कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांच्या आसमंतातच तीन तऱ्हांची शांतता तीन ठिकाणी पुरलेली आहे. शाळेच्या मैदानातून सह्याद्रीची भिंत दिसते. त्या भिंतीकडे बोट दाखवून सांगता येईल अशीच ती उदाहरणे आहेत.

पहिली शांतता उंबरखिंडीतली. खोपोलीहून पालीकडे निघाले की शेमडी गावाजवळून चावणीकडे फाटा जातो. अंबा नदीच्या काठचा हा प्रदेश. १६६१ सालच्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवले. खान लोणावळ्याच्या अंगाने आला आणि कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरू लागला. वाट एका माणसापुरती, दोहों बाजूंना दाट रान. बरोबर तोफा, ओझ्याची जनावरे, आणि माहूरची शूर सरदारीण रायबागन. रानात शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. सारी फौज खिंडीच्या नरड्यात शिरेपर्यंत पानही हलले नाही. मग एकदम चहूंकडून बाण आणि दगडधोंडे यांचा वर्षाव झाला. मागे जायला वाट नाही, पुढे जायला वाट नाही, प्यायला पाणी नाही. रायबागनीने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी आणि सारे सामान टाकून तो जिवानिशी परत गेला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग वर्णिलेला आहे आणि खिंडीत आज विजयस्तंभ उभा आहे.

या लढाईत तलवारीइतकेच काम गप्प राहण्याने केले. एक माणूस खोकला असता तर? पण ही शांतता हुकमाची होती. सेनापतीने सांगितले 'चूप', आणि माणसे चूप बसली. इंग्रजीत हिला साधा 'सायलेन्स' म्हणावे. आमच्या वर्गात वर्गप्रमुख टेबलावर पट्टी आपटून ओरडतो तोच शब्द. फरक इतकाच, की वर्गात तो कोणी ऐकत नाही.

दुसरी शांतता बोरघाटातली. तुम्ही मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते. मागून जादा इंजिने जोडली जातात, तेवढ्या वेळात तुम्ही बटाटेवडा घेता, आणि मग बोगद्यांमागून बोगदे सुरू होतात. अंधार, उजेड, अंधार, उजेड. मुले टाळ्या वाजवतात. हा घाट बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये त्यावरून गाडी सुरू झाली. तेव्हाचे पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणूस कामाला होता. कड्यांवरून दोर सोडून, त्यांना लटकून माणसे सुरुंगासाठी छिद्रे पाडीत. पटकीच्या साथी आल्या. सुरुंगांनी, दरडींनी आणि साथींनी हजारो माणसे गेली.

या कामावरच्या साहेबांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. फेव्हिएल नावाचा पहिला कंत्राटदार होता. त्याच्यामागून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, जिद्दीने ते कंत्राट पुढे चालवले आणि पुरे केले. ती बाई मोठी खरीच, तिची आठवण राहावी हे योग्यच. पण चाळीस हजारांतल्या कोणाचे नाव तुम्हांला येते? मलाही येत नाही. ती माणसे एकदाच मोठ्याने बोलली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून घाटावर दंगा उसळला, तेव्हा सरकारने कान टवकारले, चौकशी केली, आणि पुढच्या वर्षी मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी एक कायदाही झाला. त्याखेरीज त्यांचा आवाज कागदावर उतरलेला नाही. ती गप्प बसली नव्हती. त्यांचे कोणी लिहून घेतले नाही. ही शांतता 'म्यूट', मुकी. हिच्यात आपला हुकूम नाही आणि आपली मर्जीही नाही.

'म्यूट' या शब्दाचा आणखी एक भयंकर इतिहास आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात आरोपीने 'गुन्हा कबूल' किंवा 'नाकबूल' यांपैकी काहीतरी बोलावेच लागे. तो बोललाच नाही, तर त्याला उताणे निजवून छातीवर एकावर एक वजने ठेवीत. बोल किंवा मर. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावी चेटकाच्या आरोपाखाली धरलेला जाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला शेतकरी असाच दगडांखाली मेला, पण उत्तर म्हणून त्याने काही दिले नाही. इंग्लंडात ही चाल १७७२ साली बंद झाली. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने तर आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. गप्प राहणे हा हक्क आहे ही गोष्ट माणसाला समजायला इतकी शतके लागली, आणि इतके दगड!

आता तिसरी शांतता. जिच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला ती.

माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. घर नाभिकाचे, परिस्थिती गरिबीची. पोर हुशार निघाले, शिकले, वकील झाले. लोक त्यांना भाई म्हणत. माथेरानच्या नगरपालिकेत ते उपाध्यक्ष झाले. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराचे दार, ही आमच्या भागातल्या कुळांची पिढ्यान्‌पिढ्यांची रड. त्यावर भाईंनी धान्यकोठारांची योजना काढली. अडल्यावेळी तिथून धान्य उसने न्यावे आणि पीक आल्यावर फेडावे. डोंगरवाड्यांतल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. म्हणजे ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी यांच्या घरी हा वकील आंदोलनाच्या आधीच माणसासारखा जाऊन आलेला होता. पुढचे सारे समजून घ्यायचे तर ही गोष्ट विसरता कामा नये.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. भाई भूमिगत झाले. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांची तुकडी म्हणजे 'आझाद दस्ता'. त्यांची नजर विजेच्या मनोऱ्यांवर होती. त्याचे कारण आमच्या भूगोलात आहे. घाटमाथ्यावर तळी बांधून, त्यांचे पाणी मोठाल्या नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीला १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला १९२२ साली वीज निर्माण करायला सुरुवात केली होती. ती वीज उंच लोखंडी मनोऱ्यांच्या खांद्यावरून आमच्या भातखाचरांवरून मुंबईला जाई. त्या विजेवर गिरण्या चालत, आगगाड्या धावत. महायुद्धाचे दिवस. मनोरा पडला की मुंबईतला खडखडाट थंडावे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने असे अकरा मनोरे पाडले.

सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. डोंगरातली वाडी न् वाडी पोलिसांनी पालथी घातली. त्याच वर्षी सामुदायिक दंडाचा वटहुकूम निघालेला होता. एकाने केले तर साऱ्या गावाने भरायचे. ज्या घरात पावसाळ्याअखेर मूठभर नाचणी उरत नसे, त्या घराच्या दारात उभे राहून इनामाची रक्कम सांगितली जात होती. आणि दस्ता तर हवेवर जगत नव्हता. त्याला भाकरी लागत होती, निजायला आडोसा लागत होता, पुढच्या वाडीत पोलीस आहेत की नाहीत हे सांगणारे माणूस लागत होते. चार महिने हे सारे त्यांना मिळाले. शेवटी सुगावा लागलाच. भीमाशंकरच्या रांगेतल्या सिद्धगडाच्या जंगलात, मुरबाड तालुक्याच्या हद्दीत, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तळ गाठला. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंना नुकतेच तिसावे वर्ष पुरे झाले होते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात ते याच आठवणीने.

शेवटी कोठूनतरी बातमी फुटली, हे खरे. पण त्याआधीचे चार महिने मोजा. किती दारे, किती चुली, किती पोरेबाळे! लहान मुलाला गप्प ठेवणे किती कठीण असते हे मला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. तरीही एवढा मुलूख गप्प राहिला. त्यांना कोणा सेनापतीचा हुकूम नव्हता, म्हणून ही उंबरखिंडीची शांतता नव्हे. त्यांना तोंड होते, बोलले असते तर लिहून घ्यायला फौजदार वही उघडून बसला होता, शिवाय बोलण्याचे पैसे मिळत होते. म्हणून ही बोरघाटाची मुकी शांतताही नव्हे. हा खरा 'मम'. माहीत आहे, बोलता येते, बोलण्यात फायदा आहे, आणि तरी ओठ मिटलेले.

इथे एक मोठी मौज आहे. ज्या सरकारचे पोलीस या वाड्यांतून "बोला, बोला" म्हणून हिंडत होते, त्याच सरकारने विलायतेत आपल्या प्रजेला नेमके उलटे सांगण्यासाठी भिंती रंगवल्या होत्या. शत्रूचे हेर कान देऊन बसले आहेत, तोंड सांभाळा, असा प्रचार १९४० च्या सुमारास तिथे जोरात होता. त्यांतले एक भित्तिपत्रक फार गाजले : 'बी लाइक डॅड, कीप मम'. एक अर्थ, 'बाबांसारखे गप्प राहा'. दुसरा अर्थ, 'बाबांसारखे आईला पोसा'. आमच्या पठ्ठ्याने पेपरात केलेला अर्थ सरकारी खात्याने खर्च करून छापला होता! घरात गप्प राहणारे बाबा आणि पोसली जाणारी आई, हा विनोद तिकडच्या बायकांना मुळीच रुचला नाही, आणि एका महिला सभासदाने पार्लमेंटात त्याबद्दल विचारणाही केली. तिचे बरोबरच होते. आमच्या डोंगरात तर मामला उलटाच असणार. गडी माणसे रानात पांगलेली; पोलीस दारात आला तर समोर चुलीपुढची बाईच.

वीस-एक वर्षांपूर्वी एका कादंबरीची जुळवाजुळव करताना मी त्या बाजूच्या वाड्यांतून हिंडलो होतो. एका घरी एक म्हातारी भेटली. बेचाळीस साली ती नवी सून होती. तिच्या घरी दस्त्यातली माणसे जेवून जात, असे गावात बोलले जाई. मी वही काढली आणि विचारले, "आजी, तुमच्याकडं तेव्हा कोणी येऊन जात होतं का?"

ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसं येतातच की घरला."

"पण कोण येत होतं? भाई आले होते?"

"मी चुलीम्होरं बसनारी. मला मानसांची तोंडं काय ठावं, बाबा?"

"भाकऱ्या कितीजणांच्या थापत होतात?"

"कोन मोजतो?"

मी पुष्कळ प्रकारे विचारले. आता पोलीस नाही, साहेब नाही, देश स्वतंत्र झाला, तुमचे नाव पुस्तकात येईल. सुपातला एक खडा काढून तिने अंगणात टाकला आणि मला म्हणाली, "चहा घेशील?" मी चहा घेतला. वही कोरीच परत आणली. तेव्हा मला तिचा रागच आला होता; लेखकाला कोरी वही आवडत नाही. साठ वर्षे झाली, आता कशाला लपवायचे? आज वाटते, तिला लपवायचे नव्हतेच. ज्याबद्दल तेव्हा बोलायचे नाही असे ठरले, त्याबद्दल पुढे बोलून मोठेपणा घ्यावा, ही कल्पनाच तिला नव्हती. यज्ञात आहुती टाकताना 'न मम' म्हणतात, हे माझे नाही. गुरुजी सांगतात तो 'मम' तिला ठाऊक असेल-नसेल, पण हा 'न मम' तिला पुरता ठाऊक होता. आता ती म्हातारी नाही. तिच्याबरोबर जे गेले ते गेले.

म्हणून गप्प बसण्याचे नुसते गोडवे गाता येत नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याला बोरघाटाचा मजूर सापडत नाही, कारण त्याचे कोणी ऐकले नाही. आणि ही बाई सापडत नाही, कारण तिने कोणाला सांगितले नाही. कागदावर दोघांची जागा सारखीच कोरी.

दुसराही धोका आहे. मूग गिळणारेही 'आम्ही मम राखला' असे म्हणू शकतात. शेजारच्या घरी सुनेला मारहाण होते, आळी गप्प. सोसायटीच्या धान्यात मापात मारतात, गाव गप्प. हेही गप्पच, तेही गप्पच. मग फरक कोणता? मला एकच कसोटी सुचते. या गप्प बसण्याची किंमत कोण देतो, ते पाहावे. मूग गिळणारा गप्प राहतो तेव्हा किंमत दुसरा देतो : ती सून देते, तो गरीब गिऱ्हाईक देतो. १९४२ साली डोंगरातला माणूस गप्प राहिला तेव्हा दंड त्याच्या घरावर होता, काठी त्याच्या पाठीवर होती आणि हातचे इनाम त्याचे जात होते. किंमत तो स्वतः देत होता. मूग आणि मम यांत हाच भेद. कोशात तो दिलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळे वर्गात सांगितले. वर्गप्रमुखाने पट्टी आपटली नव्हती, तरी वर्ग चिडीचूप होता. त्या पठ्ठ्याचा पेपर काढून सर्वांसमोर फुली खोडली आणि अर्धा गुण दिला. अर्धा अशासाठी, की विलायत सरकारच्या श्लेषातला अर्धाच त्याने सोडवला होता. तो उठून उभा राहिला. मला वाटले, उरलेल्या अर्ध्या गुणासाठी भांडेल. पण त्याने विचारले, "सर, भाकऱ्या देणाऱ्या त्या बायांची नावं काय?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, दिवाळीत घरे भरलेली असतात. एखाद्या घरी कोपऱ्यात कोणी नव्वदीचे म्हातारे माणूस बसलेले असेल. नाहीतर त्यांच्याकडून ऐकलेले साठी-सत्तरीचे कोणी असेल. फराळाचे ताट त्यांच्यापुढे करा, जवळ बसा आणि विचारा, बेचाळीस साली आपल्या घरी कोण येत होते? सांगितले तर लगेच लिहून घ्या, नावासकट. आणि "कोण जाणे, बाबा" म्हणून त्यांनी चहा विचारला, तर चहा घ्या आणि तेही लिहून ठेवा.